मोर्च्यातला विद्यार्थी ग्रामसभेत केव्हा येणार?

गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यातल्या एका रविवारी आमच्या गावी ग्रामसभा भरली होती. पेडणे तालुक्यातल्या या गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. जे घडले ते पेडण्यात किंवा डिचोलीत कोठल्याही गावी घडले असते, तरी त्यात फारसा फरक पडला नसता. सभेपुढे विषय होता आमच्या वाड्यावरच्या मराठी प्राथमिक शाळेचा. पटावर सात मुले उरली होती आणि ही शाळा शेजारच्या वाड्यावरच्या शाळेत विलीन करावी, असे पत्र आले होते. सभागृहात मी माणसे मोजली. ४१ भरली. त्यांत पन्नाशीच्या आतले चारपाचजण, आणि महाविद्यालयात शिकणारे एकही नाही.

सभा संपवून घरी जाताना बसथांब्याच्या शेडमध्ये आठदहा मुले बसलेली दिसली. सगळी ओळखीची, बरीचशी माझ्या हाताखालून गेलेली. कोणी म्हापशाला शिकतो, कोणी पणजीला, एकजण ताळगाव पठारावर विद्यापीठात. मी विचारले, ‘‘ग्रामसभेला का आला नाहीत?’’ त्यांतला एक उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, आमकां कोणेंच सांगूंक ना.’’ नोटीस पंचायतीच्या फलकावर आठवडाभर लागलेली होती हे खरे. ती इंग्रजीत होती हेही खरे. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी फलक पाहिला नव्हता, आणि जे फलकापाशी रोज उभे राहतात त्यांना ती वाचता येत नव्हती.

या एका प्रसंगात आपल्या भाषेच्या प्रश्नाचे आणि आपल्या तरुणांच्या सार्वजनिक जीवनाचे दोन्ही दुखणे एकत्र आले आहे, असे मला वाटते. म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

मताचा हक्क नसलेले कार्यकर्ते

सीमेवरच्या विद्यार्थ्यांना राजकारणाची ओळख नाही असे कोणी म्हणेल तर त्याला इतिहास ठाऊक नाही. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावरून आपली मुले रोज बसने जातात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळ्यांना सामोरे गेले. पंजाबातून आलेले मास्तर कर्नैलसिंग तेथेच पडले. कोठला पंजाब आणि कोठली पत्रादेवी! एका शिक्षकाने आपल्या मुलखासाठी प्राण दिला, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी सांगताना माझा आवाज थोडा बदलतो.

त्यानंतर १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आला. फूल की दोन पाने, महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा केंद्रशासित प्रदेश, असा तो सवाल होता. विलीनीकरणाच्या विरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी निकाल लागला. पेडणे व डिचोलीचा कल फुलाकडे होता, हे आपल्या वडिलधाऱ्यांना आठवत असेल. त्या निकालावर आज वाद उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते एका वेगळ्याच गोष्टीकडे. त्या वेळी मतदानाचे वय २१ होते. दोन्ही बाजूंची भित्तिपत्रके चिकटवणारे, सायकलवरून वाडे पालथे घालणारे, सभेत सतरंज्या अंथरणारे अनेक कॉलेजकुमार १८ ते २० वर्षांचे होते. ज्या निर्णयासाठी ते राबले त्या निर्णयात त्यांचे मत मोजलेच गेले नाही.

पुढे १९७८-७९ साली गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी आंदोलन केले. त्या सवलतीचा लाभ पेडणे, डिचोली व सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यांतल्या मुलांना सर्वांत अधिक झाला, कारण महाविद्यालय गाठायला त्यांनाच लांबचा प्रवास करावा लागे. आज सवलतीचा पास दाखवणाऱ्या मुलाला तो कोणी मिळवून दिला हे ठाऊक नसते.

मग आले १९८५ ते १९८७ चे राजभाषा आंदोलन. मी स्वतः त्या वेळी उच्च माध्यमिक शाळेत होतो. मोर्च्यात गेलो, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. त्या काळात गोव्यात माणसे दगावली, घराघरांत अबोले झाले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत झाला. देवनागरी लिपीतली कोकणी राजभाषा ठरली आणि सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करण्याची तरतूद त्यात झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाले. आज कबूल करतो, तो कायदा मी प्रथम वाचला तेव्हा माझे वय चाळीस वर्षांचे होते. ज्यासाठी घोषणा दिल्या त्याची दोन पाने वाचायला मला वीसबावीस वर्षे लागली. आमच्या पिढीच्या पुष्कळ कार्यकर्त्यांची गोष्ट याहून वेगळी नाही.

अठरा वर्षांचा हक्क

घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. २८ मार्च १९८९ पासून ती दुरुस्ती अमलात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मी पहिले मत दिले. पाने-फुलांच्या वेळी माझ्या काकांना जे मिळाले नाही ते मला मिळाले, याचा अभिमान वाटला होता. आज माझ्या विद्यार्थ्यांना तो हक्क जन्मजात मिळाल्यासारखा आहे. म्हणूनच कदाचित त्यांतल्या अनेकांची नावे मतदारयादीत नसतात.

हे सुधारायला फार काही लागत नाही. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरली जाई. त्या दिवशी १८ पूर्ण नसतील तर वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. वयाची १७ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलीला आगाऊ अर्जही करता येतो. अर्ज आहे ६ क्रमांकाचा. तो आपल्या भागातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा ओळखीच्याच एखाद्या शिक्षकाकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे, देता येतो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव घालता येते. मात्र दोहोंपैकी एकाच ठिकाणी. माझा सल्ला विचाराल तर गावच्या पत्त्यावर घालावे.

याचे कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो आपोआप ग्रामसभेचा सभासद होतो. वेगळा अर्ज नाही, वर्गणी नाही, कोणाची शिफारस नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले आणि १९९४ साली गोव्याचा पंचायतराज कायदा आला. आमदार निवडून आपण पाच वर्षांसाठी हात झटकतो. ग्रामसभेत मात्र वर्षातून निदान चार वेळा उभे राहून बोलता येते आणि आपले बोलणे इतिवृत्तात नोंदवून घेता येते. वयाची २१ वर्षे पूर्ण झाली की पंचायतीच्या निवडणुकीला उभेही राहता येते. पदव्युत्तर वर्गात बसणारी मुलगी आपल्या प्रभागाची पंच होऊ शकते, ही कल्पनासुद्धा आपल्या घरांत कोणाच्या मनाला शिवत नाही.

सीमेपलीकडच्या वाचकांसाठी एक शब्द. दोडामार्ग, बांदा, सातार्डा, आरोंदा या भागांतली कितीतरी मुले गोव्यातल्या महाविद्यालयांत शिकतात. त्यांचे मत महाराष्ट्रात असते आणि दिवस गोव्यात जातो. तिकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. ते सुट्टीचेच दिवस असतात. त्या दिवशी ही मुले घरी असतात. तेव्हा सबब पुरत नाही.

एका अर्जाची गोष्ट

आता भाषेकडे येतो. आमच्या गावची एक मुलगी मराठी घेऊन एम.ए. करीत होती. घरच्या कामासाठी तिने एका कार्यालयात मराठीतून अर्ज नेला. टेबलामागच्या माणसाने तो वाचला, समजला, आणि परत सरकवला. म्हणाला, ‘‘इंग्रजीत आणा.’’ मुलगी माझ्याकडे आली. तिला वाटले समितीचे लोक काहीतरी करतील. मी नेहमीप्रमाणे निषेधाचे पत्रक काढण्याची भाषा सुरू केली. तिने मला मध्येच थांबवले. ‘‘सर, पत्रक नंतर. आधी नियम काय आहे ते सांगा.’’

मी सांगितलेला नियम येथे सर्वांसाठी लिहितो. भारतीय राज्यघटनेचे ३५० वे कलम असे की, गाऱ्हाणे दूर करून घेण्यासाठी कोणत्याही व्यक्तीला केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे वा प्राधिकरणाकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. त्यात आवडनिवडीचा प्रश्न नाही. शिवाय गोव्यात मराठीतून आलेल्या पत्राला मराठीतून उत्तर द्यावे, असे सरकारचे धोरण आहे. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदाही हाताशी आहे. १० रुपये शुल्क आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत. अर्ज अडला तर तो कोठे अडला हे विचारण्याचा तो राजमार्ग आहे.

मुलीने घटनेतले ते कलम कागदावर उतरवून अर्जाला जोडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलापुढे जाऊन उभी राहिली. भांडली नाही. अर्ज घेतला गेला. उत्तर आले ते इंग्रजीत. तिने परत लिहिले की, माझे पत्र मराठीत होते, उत्तरही मराठीत मिळावे. दीड महिन्याने चार ओळींचे मराठी उत्तर आले. त्यात तीन चुका होत्या. ते घेऊन ती माझ्या घरी आली तेव्हा आम्ही दोघेही हसलो. ती गेल्यावर मात्र मी बराच वेळ ओटीवर बसून राहिलो.

कारण असे की, तीस वर्षे मी भाषेच्या व्यासपीठावर उभा आहे. ठराव लिहिले, निवेदने दिली. पण माझ्या स्वतःच्या घरपट्टीचा अर्ज, विजेच्या जोडणीचा अर्ज, मुलाच्या दाखल्याचा अर्ज मी इंग्रजीत दिला होता. काम लवकर व्हावे म्हणून. मराठीत अर्ज येतच नाहीत, मग मराठी जाणणारा माणूस टेबलावर कशाला हवा, असे कोणी म्हणाले तर त्या म्हणण्याला पुरावा मीच पुरवीत आलो होतो. समितीतल्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे पुढच्या बैठकीत सांगितले. दोघेतिघे खाली बघू लागले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. पण त्या दिवसानंतर आपल्यापैकी किती जणांनी एखादा तरी अर्ज मराठीतून दिला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

एकमेव दुवा

काहीजण म्हणतील, मास्तर, मराठीतून अर्ज लिहिणारी पोरे आहेत कोठे? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मुक्तीनंतर पेडण्याचेच सुपुत्र दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमच्या पिढीची पाटी त्या शाळांत फुटली. परंतु चौथीनंतर आमचा मुलगा बहुतेक इंग्रजी माध्यमात जातो. घरी कोकणी बोलतो, देवळात आरती मराठीत म्हणतो, दशावतार मराठीत पाहतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, परीक्षा इंग्रजीत देतो. पदवीधर होईपर्यंत त्याला तिन्ही भाषा समजतात, पण तिन्हींपैकी एकीतही एक पानाचे निवेदन निर्वेधपणे लिहिता येत नाही. यात मुलाचा दोष नाही. आम्ही शिक्षकांनी निबंधाला गुण दिले, अर्ज लिहायला शिकवले तेही पाठ करवून. ‘नदीची आत्मकथा’ लिहिणाऱ्या मुलाला नदीत सांडपाणी सोडणाऱ्याविरुद्ध तक्रार लिहिता आली नाही.

तरीही आजच्या गावाला याच मुलांची सर्वांत अधिक गरज आहे. मोप विमानतळाचेच घ्या. मोप, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या भागांतली जमीन त्यासाठी गेली. २०१५ साली पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवाना स्थगित ठेवून फेरविचार करायला सांगितले आणि २०२० च्या जानेवारीत स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ हवा की नको यावर गावागावांत दोन मते होती व आहेत. पण ज्या अहवालावर सगळे अवलंबून होते तो इंग्रजीतल्या शेकडो पानांचा होता. ज्याची काजूची बाग जाणार त्याला तो वाचता येत नव्हता, आणि वाचता येणारा त्याचा नातू पणजीत परीक्षेची तयारी करीत होता.

डिचोलीत खाणींची कथा तीच. २०१२ साली खाणी बंद झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक दारात उभे राहिले, घरांतले हप्ते थकले, आणि त्याच वेळी विहिरींचे पाणी निवळले असेही लोक सांगत. पुढे लिलाव झाले आणि पुन्हा परवाने व सुनावण्या आल्या. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे अशा अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो आणि सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. हे तीस दिवस कशासाठी असतात? कोणीतरी तो अहवाल वाचावा, गावाला समजावून सांगावा, प्रश्न काढावेत, यासाठी. ते ‘कोणीतरी’ आपल्या विद्यार्थ्यांवाचून दुसरे कोण आहे? विज्ञान शाखेचा विद्यार्थी भूजलाचे प्रकरण वाचील, वाणिज्य शाखेचा भरपाईचे आकडे पाहील, मराठीचा विद्यार्थी ते सोप्या शब्दांत लिहून काढील. साखळीचे सरकारी महाविद्यालय, डिचोलीचे झांट्ये महाविद्यालय, विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय ही आपल्या दाराशीच आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. त्यातले थोडे तास झाडलोटीऐवजी या कामाला मिळावेत, एवढी विनंती प्राचार्यांना करायला हरकत नाही. गावच्या जैवविविधता समितीची नोंदवही हेही असेच काम आहे. रानभाजीचे गावठी नाव आजीला ठाऊक असते आणि शास्त्रीय नाव नातीला. दोघींनी एकत्र बसायचे आहे.

गर्दी आणि नागरिक

विद्यापीठातल्या निवडणुकांचा विषय निघाला की पालक घाबरतात. त्यांची भीती अनाठायी नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली आणि २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली. दरम्यान लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू करायला सांगितल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपलीकडे जाऊ नये, ७५ टक्के हजेरी असावी, पक्षांचा पैसा येऊ नये, असे त्यांत आहे. हे नियम चांगले आहेत. ते पाळले जातात की नाही हे पाहणे विद्यार्थ्यांच्याच हाती आहे. निवडणूक हरलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या शेजारी बाकावर बसायचे असते, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

राजकीय पक्षांना व आमच्यासारख्या समित्यांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आम्ही विद्यार्थ्यांकडे गर्दी म्हणून पाहतो. मोर्च्याला बस पाठवतो, हाती फलक देतो, वडापाव देतो, छायाचित्र काढतो. बैठकीचे इतिवृत्त कसे लिहावे, हिशेब कसा ठेवावा, विरोधकाचे म्हणणे पूर्ण ऐकून उत्तर कसे द्यावे, हे शिकवीत नाही. आमच्या समितीत चाळिशीच्या आतला सभासद नाही. मग मराठीचे पुढे काय, म्हणून आम्ही गळा काढतो.

२१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्याच्या विद्यार्थ्यांनी बंगालीसाठी गोळ्या झेलल्या. युनेस्कोने १९९९ साली तो दिवस मातृभाषा दिन म्हणून ठरवला. आज जगभर तो साजरा होतो. बेळगावच्या सीमाबांधवांनी १९५६ पासून काय सोसले आहे हे या पत्राच्या वाचकाला सांगायला नको. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो तरुण असताना ज्यांनी लढा सुरू केला त्यांतले कितीतरी निकालाची वाट पाहतच गेले. आपल्यावर तशी पाळी नाही. आपल्याला रस्त्यावर रक्त सांडायचे नाही. फलकावरची नोटीस वाचायची आहे आणि रविवारची सकाळ द्यायची आहे. कदाचित म्हणूनच ते अवघड जात असावे.

आणि हे काम कोकणीच्या विरुद्ध नाही, हेही येथेच सांगतो. माझ्या घरची भाषा तीच आहे. तिला १९९२ साली आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले याचा आनंदच आहे. पंचायतीची नोटीस देवनागरीत, कोकणीत व मराठीत लागली तर दोन्ही भाषा जगतील. आज ती दोन्हींत लागत नाही आणि आपण मात्र एकमेकांशी भांडत बसलो आहोत.

शाळेचे काय झाले?

वाचक विचारतील, त्या शाळेचे पुढे काय झाले. बसथांब्यावरच्या त्या मुलांना मी एवढेच सांगितले की पुढची ग्रामसभा जानेवारीत आहे, यादीत नावे आहेत का ते पाहा. बऱ्याचजणांची नव्हती. पंधरवड्यात सर्वांचे अर्ज गेले. जानेवारीच्या ग्रामसभेला १७ मुलेमुली आली. सुरवातीला मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मग अर्जवाली ती मुलगी पुढे आली आणि तिने लेखी मागणी वाचली. शाळेबाबत ग्रामसभेने एक वर्ष थांबण्याची शिफारस करावी, तेवढ्यात घरोघर जाऊन मुले मोजावीत, आणि नोटीस यापुढे देवनागरीतही लावावी. एका ज्येष्ठाने आवाज चढवला, ‘‘तुम्ही काल आलात, आम्हांला शिकवता?’’ ती म्हणाली, ‘‘नाही आजोबा, काल यायला हवे होते. चुकले.’’ सभागृह हसले आणि ठराव झाला.

मुलांनी शनिवार-रविवारी घरे पालथी घातली. वाड्यावर शाळेच्या वयाची १९ मुले निघाली. सात आमच्या शाळेत, बारा पिवळ्या बसने शहरातल्या इंग्रजी शाळांत. पालकांचा प्रश्न एकच होता: ‘‘चौथीपर्यंत ठीक, पण पाचवीनंतर काय?’’ या प्रश्नाला मुलांकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. पण तो प्रश्न आता इतिवृत्तात आहे, आकड्यांसह, आणि वर पाठवला गेला आहे. या जूनमध्ये पटावर नऊ मुले आली. नऊ म्हणजे काही विजय नव्हे. शाळा टिकेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण पंचायतीच्या फलकावर आता दोन कागद लागतात, एक इंग्रजी आणि एक देवनागरी. परवा सकाळी मी तेथून जात होतो. भाजीची टोपली बाजूला ठेवून एक म्हातारी फलकापुढे उभी होती आणि बोट ठेवून अक्षरे जुळवीत होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली. वाचून झाल्यावर तिने मला विचारले, ‘‘सर, आयतारा सभा आसा मरे?’’ होय, म्हटले, आहे. या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही तेवढेच सांगायचे आहे. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कोणत्या रविवारी आहे हे आज घरी गेल्यावर विचारा. यादीत नाव पाहा. येताना वही आणा, आणि बोलायचे असेल ते मराठीत लिहून आणा. चुका झाल्या तर होऊ द्या. त्या सुधारायला आम्ही मास्तरलोक अजून आहोत.